उत्तरं मुलांना दिसत नाहीत ना?

"पण उत्तरं मुलांना दिसत नाहीत ना?" इतिहासाच्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं आणि मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

पोर्टलवाल्याच्या कपाळावर आठी पडली. कॉलेजने यंदापासून सगळा कारभार ऑनलाइन पोर्टलवर आणला होता. नोट्स तिथे, परीक्षा तिथे, मार्कही तिथेच. प्राध्यापकांना ते शिकवायला एका कंपनीने याला पाठवलं होतं. इतके दिवस झाले, पण त्याचं नाव कुणी विचारलं नव्हतं. पोर्टलवाला म्हटलं की तो ओ द्यायचा.

"बाई," तो माइकवरून म्हणाला, "हातात माऊस धरलाय तुम्ही, खराखुरा उंदीर नाही. चावत नाही तो. दाबा बिनधास्त!"

हॉल खो खो हसला. गणिताच्या सरांनी तर बाक बडवला. बाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला आणि खाली बसल्या. प्रश्न तसाच राहिला.

पोर्टलवाला पुढच्या मुद्द्यावर गेला खरा, पण त्याची जीभ अडखळू लागली. कारण त्या बाई म्हणजे त्याची आई.

कॉलेजात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती तिथे माहेरचं आडनाव लावायची, त्यामुळे संशय यायचंही कारण नव्हतं. त्याला इथलं काम मिळालं त्या दिवशी तिनेच बजावलं होतं, "कॉलेजात मला आई म्हणू नकोस हं. लोक म्हणतील, वशिल्याने लागला."

त्याला ते पटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. आईला कॉम्प्युटर म्हणजे वाघ वाटायचा. पोर्टल शिकवणाऱ्याच्याच आईला पोर्टल येत नाही, म्हणजे दिव्याखाली अंधार. लोकांनी टर उडवली असती.

ती बिचारी हा नियम त्याच्यापेक्षा कसोशीने पाळायची. सकाळी तो स्कूटर काढून म्हणायचा, "चल, सोडतो." ती म्हणायची, "नको रे, मी आपली बसने जाते." व्हरांड्यात तो समोरून आला की ती जिन्याकडे वळायची. आई आपल्याला किती जपते, असं त्याला वाटायचं. इंजिनिअरिंग अर्धवट टाकून तो घरी बसला होता, तेव्हाही ती त्याला एका शब्दाने बोलली नव्हती. बाबा गेल्यापासून घरात दोघंच.

संध्याकाळी ती ओट्याशी भाजी चिरत होती. तो दारात घुटमळला.

"आई, आज हॉलमध्ये... जरा जास्तच झालं माझं."

"गंमत केलीस. त्यात काय एवढं?"

"ते उत्तरांचं आता दाखवू का तुला?"

"राहू दे. माझं मी बघेन."

सुरीचा आवाज थांबला नाही.

इतिहासाच्या परीक्षेच्या दिवशी व्हायचं तेच झालं. उत्तरं लपवण्याच्या चौकटीत टिक करायची राहून गेली, आणि प्रत्येक प्रश्नाखाली बरोबर उत्तर मुलांच्या पुढ्यात झळकलं. ढ म्हणून गाजलेल्या पोरांनीही पैकीच्या पैकी मार्क मिळवले. दुपारपर्यंत कॉलेजभर बभ्रा झाला.

"हात टेकले बुवा या बाईंपुढे," स्टाफरूममध्ये गणिताचे सर म्हणाले. "तू तरी किती वेळा सांगणार, काय रे पोर्टलवाल्या?"

त्याने 'नाही हो' म्हणायला तोंड उघडलं. पण मान तेवढी हलली, आणि ती होकारार्थी हलली. सर खूश झाले. पोर्टलवाल्याला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"प्राचार्यांनी बोलावलंय त्यांना," सर पुढे म्हणाले. "वर्ग काढून घेणार म्हणे. निवृत्ती होईपर्यंत ग्रंथालयात बसा!"

आता मात्र त्याला राहवेना. तो जिन्याकडे धावला. ती कठड्याला धरून सावकाश वर चढत होती.

"आई, थांब. मी सांगतो त्यांना. चूक माझी आहे. आणि आपलं नातंही सांगून टाकतो. पुरे झाली ही लपवाछपवी."

तिने दचकून वर-खाली पाहिलं. त्याचा दंड घट्ट धरला.

"काही सांगू नकोस. तुला माझी शपथ आहे."

"अजूनही माझीच काळजी?" त्याला भरून आलं. त्याने हात सोडवून घेतला आणि तिच्या आधी प्राचार्यांच्या खोलीत शिरला. ती मागून आली, धापा टाकत.

"सर, बाईंचा दोष नाही," तो एका दमात म्हणाला. "त्यांनी हेच मला तीनदा विचारलं होतं. मी सांगायचं सोडून भर हॉलमध्ये त्यांची चेष्टा केली. काढायचं तर मला काढा."

प्राचार्य खुर्चीत मागे रेलले. त्यांचा आवाज मवाळ झाला. "असं होय. मग बाईंचे वर्ग काढायचा प्रश्नच येत नाही. आपण होऊन सांगितलंत, मोठेपणा आहे तुमचा."

"मोठेपणा कसला, सर! तोंड दाखवायची लाज वाटते मला." तो म्हणाला. "ही माझी आई आहे."

प्राचार्य गोंधळल्यासारखं हसून बाईंकडे वळले.

"बाई, हे काय म्हणताहेत? तुमचा मुलगा तर परदेशात सर्जन आहे ना? तुम्हीच सांगता की नेहमी."

बाईंनी चष्मा सारखा केला. पोर्टलवाल्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"हो, सर," त्या म्हणाल्या. "एकुलता एक."