इर्मेलीचं वाकडं भूर्ज

“अख्ख्या फिनलंडात एवढं वाकडं भूर्ज दुसरं नसेल, वहिनी,” असं म्हणत ओस्मोनं करवत खोडाला लावली. “शनिवारी तुमच्या लेकीचं, तूलीचं लग्न याच अंगणात. व्याही काय म्हणतील?”

इर्मेलीनं खोडावर हात ठेवला. आता करवत चालवायची तर तिच्या बोटांवरूनच चालवावी लागली असती.

ओस्मो तिचा धाकटा दीर. चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत काढलेली, त्यामुळे झाडातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही ही त्याची पक्की समजूत. अंगणातली चार पांढरीशुभ्र, सरळसोट भूर्जं त्यानंच लावलेली. त्यांच्या मधोमध इर्मेलीचं हे एक बुटकं, गाठाळ, अंगभर टेंगळं आलेलं. अठरा वर्षं तो येता-जाता त्याची टर उडवत होता आणि ती मुकाट्यानं त्याच्यापुढे कॉफी ठेवत होती.

बोलणार तरी काय? तिचे वडील चाकूच्या मुठी करत. अशी टेंगळं कशाची खूण असते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण आत खरंच काय आहे, ते कापल्याशिवाय कुणालाच कळत नाही. तिलाही भीती वाटत होतीच.

“खालची एक फांदी कापा,” ती म्हणाली. “आत साधं लाकूड निघालं तर झाड खुशाल पाडा. मी अवाक्षर काढणार नाही.”

“मग पाडल्यात जमा समजा,” ओस्मो हसला.

फांदी खाली आली. ती बाजूला भिरकावता भिरकावता तो थांबला. अंगठा ओला करून त्यानं कापलेल्या जागेवर फिरवला. फिकट लाकडात तपकिरी नक्षी दाटून भरली होती. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

“वहिनी, असं लाकूड गिरणीत दोनदाच आलं. इतकं मोलाचं, की आम्हाला हातसुद्धा लावू दिला नव्हता. आणि तुमच्या अंगणात हे आपोआप उगवलं?”

“आपोआप कसलं? माहेरच्या झाडाचं बी आणून मीच रुजवलंय.” इर्मेलीचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

ओस्मो ओशाळून करवत पिशवीत घालू लागला.

“राहू द्या बाहेरच, भावोजी,” ती म्हणाली. “तुमची ती चार मी वाऱ्याला आडोसा म्हणून लावू दिली होती. आता ती याचं ऊन अडवतात. शनिवारच्या आत पाडा.”