ठराव देवनागरीतच

शहराची वीज कंपनी खासगी मालकाला विकू द्यायची नाही, असं तंजावूरच्या आमच्या मराठी संघानं ठरवलं. सगळ्यात मोठा आवाज अध्यक्ष रामस्वामींचा. त्याच कंपनीत साहेब असताना एका मीटरसाठी त्यांनी माझ्या अप्पांना अकरा महिने 'उद्या या' म्हणून परत पाठवलं होतं. अप्पा ऐन मे महिन्यात गेले, पंख्याविना.

घरी आम्ही सगळेच मराठी बोलतो, पण लिहितो-वाचतो तमिळ. तरी संघाचा ठराव देवनागरीतच लिहायचा, ही जुनी रीत. आता ती लिपी येते एकट्या मला.

"अंबुजा, चांगलं कडक लिही गं," रामस्वामी म्हणाले.

मी लिहिलं. सभेत विक्रीला कडाडून विरोध करणारा ठराव खणखणीत वाचला. टाळ्या पडल्या. रामस्वामींनी खाली तमिळमध्ये ऐटीत सही केली आणि लगेच कागदाचा फोटो पुण्याच्या व्याह्यांना पाठवला.



कागदावर होतं, "अंबुजाच्या अप्पांना मी अकरा महिने खेटे घालायला लावले, त्यातच ते गेले. माझ्यासारखे साहेब पोसणारी ही कंपनी आजच विका."