कमानीवरची चौधारी

सुमेधाने सोसायटीच्या गेटवरच्या कमानीवर चौधारीचा वेल चढवला. आधी निळसर फुलं आली, मग चारही कडांना झालर लावल्यासारख्या हिरव्या शेंगा लोंबू लागल्या. इंदिरानगरातली माणसं गाडी थांबवून फोटो काढायची. तेच समोरच्या गायधनीकाकूंना खुपलं.

"असली शोभेची झाडं विषारी असतात. एखादं पोर दगावलं म्हणजे?" असं त्यांनी ग्रुपवर टाकलं आणि वेल मुळापासून काढायची मागणी केली.

"काकू, घेवड्यासारख्याच शेंगा आहेत. भाजी होते यांची," सुमेधाने समजावलं.

"तुझ्या घरी होत असेल," काकू म्हणाल्या.

रविवारी गेटपाशीच मीटिंग झाली. चेअरमननी वेल तोडायला माळी बोलावून ठेवला होता. सुमेधाचं डोकं फिरलं. तिने हाताला येतील त्या शेंगा तोडल्या आणि सगळ्यांसमोर कच्च्याच कराकरा चावून खाल्ल्या.

"बसा आता, मी मरायची वाट बघत!"

चेअरमननी माळ्याला परत पाठवलं, वेल वाचला.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसातून आली तेव्हा कमानीवर एकही शेंग नव्हती. कोवळे शेंडेसुद्धा कुणीतरी खुडून नेले होते. ती सुन्न होऊन वर बघत होती, तेवढ्यात गॅलरीतून गायधनीकाकू ओरडल्या,


"किती जून शेंगा गं तुझ्या! शिट्ट्यांवर शिट्ट्या काढल्या तरी शिजेनात. वेळच्या वेळी तोडायला काय होतं तुला?"