मुंबईचे चार पाहुणे

चहाचे चार कप पलीकडच्या पडद्यामागे जसे गेले तसेच परत आले.

"मुंबईचे पाहुणे वाजवण्याआधी काही घेत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले," पुनमताई ट्रे सांभाळत म्हणाल्या. जळगावच्या या संगीत मंडळाच्या त्या चिटणीस. "तुम्हीच घ्या, भाईदास मास्तर. वाया कशाला घालवायचा?"

भाईदासने दोन कप घेतले. दोंडाईच्याहून पहाटेच निघालेल्या माणसाला कसला आलाय नखरा.

भाईदास लग्नाच्या बँडचा मास्तर. वय सदुसष्ट, वाद्य सॅक्सोफोन. मुलगी सविता कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावून बसली होती. हेमराजकडे गिटार, भिकनकडे ड्रम. चाळीस वर्षांपूर्वी जहाजावर नोकरी करणाऱ्या एका दोस्ताने भाईदासला कॅसेट आणून दिली होती. अमेरिकेतल्या एका जुन्या अल्बमवरून भरून घेतलेली. ऑर्गन, गिटार, सॅक्सोफोन आणि ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलावा असा ठेका. सोल जॅझ म्हणतात त्याला. कॅसेटवर निळ्या पेनाने अल्बमचं नाव तेवढं होतं. वाजवणारे कोण, दिसायला कसे, काही ठाऊक नाही. पण लग्नसराई संपली की भाईदास रोज त्यांच्याबरोबर वाजवायला बसायचा. तीच त्याची शाळा होती.

डॉक्टर हितेंद्र या मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्याकडे असल्या अल्बमच्या तबकड्या कपाटभर होत्या. गेल्या महिन्यात भाईदासने मंडळात येऊन थोडं वाजवून दाखवलं, तेव्हा डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "नक्कल ठीक आहे, मास्तर. पण हे वरातीतल्या लोकांचं काम नाही. याला आत्मा लागतो."

उचलली जीभ लावली टाळ्याला. भाईदासला ते झोंबलं.

"पडद्याआडून वाजवू, डॉक्टरसाहेब. कोण वाजवतंय ते कुणाला दिसणार नाही. हरलो तर हे संगीत पुन्हा तोंडाला लावणार नाही."

"आणि जिंकलात तर दर महिन्याला हा मंच तुमचा. तुमच्यासमोर मी मुंबईहून माणसं आणतो. धून तुम्हीच निवडा."

भाईदासने कॅसेटवरची पहिली धून सांगितली. डॉक्टर हसले. तो अल्बम उभ्या मंडळात त्यांच्या एकट्याकडेच होता आणि त्यांनी तो कुणाला ऐकवलाही नव्हता.

"मास्तर, हाई तं हात दाखाडी अवलक्षण व्हयनं," परतीच्या गाडीत हेमराज म्हणाला होता.

आता मंचावर दोन पडदे होते आणि मध्ये प्लायवूडची भिंत. दोन्हीकडचा आवाज सभागृहाच्या एकाच स्पीकरमधून येणार होता. समोर चाळीस सभासद. पाहुण्यांना काही लागलं-सवरलं तर हाताशी असावं म्हणून डॉक्टर स्वतः पहिल्या पडद्यामागे थांबले होते. पलीकडून खुर्ची सरकल्याचा, कुणी खाकरल्याचा आवाज नाही. शिस्तीची माणसं दिसतात, भाईदासला वाटलं.

मग पहिला पडदा वाजायला लागला.

ऑर्गनचा पहिला सूर आला. गिटार हवी तिथे आली. सॅक्सोफोन हवा तिथे उठला, हवा तिथे थांबला. कॅसेटवर मधे एके ठिकाणी ऑर्गन किंचित उशिरा यायचा, तोही तसाच उशिरा आला.

सविताचा चेहरा उतरला. "आबा, बठ्ठं कॅसेटसारखंच शे. एक सूर भी इकडे तिकडे नही."

"सूर काय, दम भी तठेच लेतस," भाईदास म्हणाला.

"मंग आते काय करानं?"

भाईदासने ओठ पुसले. चाळीस वर्षं कॅसेटसारखं वाजवायची धडपड केली, आणि पलीकडच्यांनी ते आधीच करून ठेवलं होतं. आपण तेच केलं तर फार तर बरोबरी. त्याला भीती वाटली, खरीखुरी भीती. पुन्हा हे वाजवायचं नाही म्हणजे उरलेल्या दिवसांचं करायचं काय?

"त्यास्नी कॅसेट वाजाडी," तो म्हणाला. "आपण आपलं वाजाडूत."

सुरुवात त्याने रीतसर केली. एकट्या सॅक्सोफोनची पाळी आली तेव्हा मात्र त्याने ओळखीची वाट सोडली आणि नवरीच्या पाठवणीला गाडीच्या दाराशी उभं राहून वाजवतो तसा लांब, थरथरता सूर धरला. हेमराज गडबडला, मग सावरला. सविताने खालून ऑर्गन भरून ठेवला. सूर तुटता तुटता भाईदासने मान हलवली आणि भिकनने थेट वरातीचा ठेका उचलला. त्या ठेक्यावर अमेरिकेची धून अशी काही नाचली की सभागृहात कुणीतरी शिट्टी मारली. मंडळाच्या इतिहासात शिट्टी पहिलीच.

पुनमताईंनी हात वर करायला सांगितले आणि दोनदा मोजले. पहिल्या पडद्याला नऊ. दुसऱ्याला एकतीस.

सविता रडायलाच लागली. भिकनने हेमराजला उचललं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि भाईदास, ज्याने हजारो नवरदेव मिरवले, तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतः मिरवत असल्यासारखा मंचावर उभा होता.

मग त्याने खिशातून पानाची पुडी काढली.

डॉक्टर पहिल्या पडद्यासमोर येऊन उभे राहिले होते. घामाघूम. "अभिनंदन, मास्तर. चला, सगळे नाश्त्याला चला. पाहुणे घाईत आहेत, निघतील ते."

"असं कसं, साहेब? आमच्यात मुकाबला जिंकला की पहिलं पान समोरच्या मास्तरला. काय वाजवलं त्यांनी! पाया पडू द्या मला."

"नको, राहू द्या."

पण भाईदासने डॉक्टरांच्या खांद्यावरून हात घालून पडदा ओढलाच.

मागे एकही माणूस नव्हता. टेबलावर सुई उचललेली एक तबकडी अजून फिरत होती. शेजारी तिचं कव्हर उभं केलेलं होतं, वर कॅसेटवरचंच नाव, आणि खाली ऑर्गन, गिटार, ड्रम, सॅक्सोफोन घेऊन उभे असलेले चार अमेरिकन.