हवेची वाट

"कूलर ठणठणीत आहे. बिघाड तुमच्या खोलीत आहे," मेकॅनिक म्हणाला.

खाटेवर बाबा धापा टाकत होते. कूलर दारात सकाळपासून घरघरत होता, तरी चादर ओलसर झाली होती आणि भिंती हाताला चिकट लागत होत्या.

"दमट हवा आतच कोंडलीय. अशा हवेत जाळीवरचं पाणी सुकत नाही, आणि पाणी सुकल्याशिवाय गारवा येत नाही. नवा कूलर आणलात तरी हेच होणार. ती समोरची खिडकी उघडा, हवेला बाहेर जायला वाट द्या."

"ती उघडत नाही."

"का?"

काय सांगणार, कपाळ? ती खिडकी धाकट्या भावाच्या अंगणात उघडते. वाटण्या झाल्या तेव्हा त्याच्या घरचा वारासुद्धा नको म्हणून मीच तिला चार खिळे ठोकले होते. आठ वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

बाबांचे ओठ निळे पडू लागले. मी मेकॅनिकच्या हातातली पक्कड हिसकावली आणि चारही खिळे उपटले. खांदा लावून ढकललं, पण खिडकी तसूभरही हलेना.

"पलीकडूनही ठोकलीय," मेकॅनिक हळूच म्हणाला.

मी दोन्ही मुठींनी खिडकी बडवली. "अरे, बाबांना श्वास..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पलीकडे खिळा करकरला. पक्कड हातात घेऊन तो तिथे कधीपासून उभा होता, कोण जाणे.