तीन कड्या

मेच्या शेवटच्या शनिवारी ग्रेटाच्या अंगणातला, हिवाळाभर झाकून ठेवलेला पोहण्याचा तलाव उघडायला शेजारचा ड्वेन नेहमीसारखा आला. डिसेंबरातल्या बर्फात हरवलेल्या कुत्र्याला बोलवायची शिट्टी अजून त्याच्या गळ्यात होती. "नवऱ्यामागे तलावावर हिवाळ्याची एवढी ताडपत्री एकटीनं ताणलीस? मानलं बुवा तुला!" तो म्हणाला. ग्रेटा खुलली. दोघं समोरासमोरच्या काठांवर ताडपत्री अडकवलेल्या कड्या काढू लागली. कोपऱ्यातल्या तीन कड्यांपाशी तिचा हात थबकला. त्या आधीच सुट्या होत्या. ऑक्टोबरात खांदे भरून आले तेव्हा 'एवढ्या उद्या लावू' म्हणून ती घरात गेली, ती पुन्हा तिकडे फिरकलीच नव्हती. तिनं सैल कोपरा जरासा उचलला. ताडपत्रीवर खालच्या बाजूनं नखांचे ओरखडे होते. "ड्वेन, थांब जरा!" "आता कसलं थांबायचं? ओढ!" तो हसला. "दरवर्षी पहिली उडी आमच्या रस्टीचीच असायची बघ," म्हणत त्यानं ताडपत्री ओढली.