शोकाचा रकाना

बाबा गेल्यापासून ती घरी एकटीच बसून भावाबरोबर बनवलेला अंतराळ स्थानकाचा गेम सुधारत होती. स्थानकावर कोणी मेलं तरी बाकीचे लगेच कामाला लागतात, अशी खेळणाऱ्यांची तक्रार होती. तिनं स्थानकावरच्या माणसांना शोक करायला शिकवलं. किती दिवस, तो आकडा मात्र सुचेना, म्हणून तो रकाना रिकामाच सोडून तिनं गेम खेळणाऱ्यांना पाठवून दिला.

सकाळी भावाचा फोन आला. "ताई, रकाना रिकामा असला की गेम 'कायमचा' धरतो. माणसं रडत बसलीत, हवेचं यंत्र बंद, लोक गेम सोडून चाललेत. एक आकडा टाकायला मुहूर्त हवा होता का तुला?"

"किती दिवस ते तूच सांग रे, टाकते."